तोमची परात

आमच्याकडे बाळ वर्षाचं झालं की त्याच्यापुढे परातीत वस्तू मांडतात. ते जी उचलेल, तेच त्याचं पुढचं आयुष्य! मी म्हणे स्टेथोस्कोप उचलला होता. त्यामुळे "मला शेफ व्हायचंय" म्हटलं की बाबांचं उत्तर ठरलेलं, "खुए, डॉक्टरकी तू स्वतः निवडलीस. आम्ही जबरदस्ती केली का?" चूक माझीच!

काल माझ्या धाकट्या भावाचा, तोमचा, नंबर होता. वाढदिवसाचा चिकट भात खायला आमचं अख्खं कान थो शहर घरात लोटलेलं. पठ्ठ्याने थेट फुटबॉलच पकडला! मी जोरात शिट्टी मारली.

"गोंधळलाय गं बिचारा," म्हणत आत्याने चेंडू काढून घेतला. त्याने कंगवा धरला, तोही गेला. शेवटी परातीत एकटा स्टेथोस्कोप उरला. तोमने भोकाड पसरलं, पण बाबांनी तो त्याच्या मुठीत कोंबला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

"आई, अगं हे काय!" मी ओरडलेच.

आई कौतुकाने तोमकडे बघत हसली.

"गुणी आहे गं पोर, लगेच ऐकलं. तुझी मूठ आम्हा तिघांना मिळून आवळून धरावी लागली होती."