आईची बढती

"माझं शेवटचं वर्ष आहे, आई! अर्ध्यावर कॉलेज सोडून कुणी परराज्यात जातं का?" बबडीचा आवाज इतका चढला की शेजारच्या काकूंनी आपल्या टीव्हीचा आवाज कमी केला.

आई जमिनीवर बसून भांडी खोक्यात भरत होती. ती हॉस्पिटलात नर्स होती आणि त्याच हॉस्पिटलच्या परराज्यातल्या शाखेत तिची बदली झाली होती. "बढती मिळालीय," असं तिने एके दिवशी जेवताना सांगून टाकलं. तेव्हापासून दोघींच्या त्या घरात एक घास सुखाने खाल्ला गेला नव्हता.

"तिकडेही कॉलेजं आहेत," आई म्हणाली.

"तिकडचं विद्यापीठ इथले पेपर धरत नाही. मी चौकशी केलीय."

"मग पहिल्या वर्षापासून कर. वय कुठे पळून चाललंय?"

"पहिल्यापासून? मी काय नापास झालेय?"

हे बोलून गेली आणि बबडीला घाम फुटला. नापास झाले असते तर बरं, असं तिला गेलं वर्षभर वाटत होतं. नापास झालेल्याला मान खाली घालून का होईना, पुन्हा बसता येतं. ती कॉपी करताना सापडली होती. रसायनशास्त्राचा पेपर होता आणि बाहीत कागद. सुपरवायझरने भर वर्गात तो बाहेर ओढला, तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी फिसकन हसलं. कॉलेजने तिचं नाव काढून टाकलं, तरी ते हसू काही कानातून गेलं नाही.

तेव्हापासून ती रोज सकाळी डबा घेऊन निघे आणि वाचनालयात पंख्याखाली बसून दिवस ढकले. घरी यायच्या आधी लॅबचा पांढरा ॲप्रन पिशवीत चांगला चुरगाळून ठेवी. आई तो दर रविवारी धुई, इस्त्री करून परत देई. ॲप्रनवर ना कसला डाग असे, ना वास. पण आईने कधी त्यावर ब्र काढला नाही. आईच्या लक्षात येत नाही म्हणून बबडीला हायसं वाटे आणि त्या हायसं वाटण्याचीच मग रात्रभर लाज वाटे.

आता परराज्यात गेलं की नवं कॉलेज जुन्या कॉलेजचा दाखला मागणार. पहिल्या वर्षाला बसायचं तर शाळेचे मार्क पुरले असते, पण पास केलेली दोन वर्षं निमूट सोडून दिली, तर आईला संशय येणार नाही का? त्यापेक्षा इथे हॉस्टेलवर राहिलं तर आणखी वर्षभर तरी रेटता येईल. पुढचं पुढे.

म्हणून तिने ठेवणीतलं अस्त्र काढलं. "तुला मोठं पद मिळतंय ना, मग माझी पदवी गेली खड्ड्यात. असंच ना?"

आईचे हात थांबले. मग तिने चिकटपट्टी फाडली, खोकं बंद केलं आणि उठली. "मला ड्यूटीला उशीर होतोय. डबा ओट्यावर आहे."

बबडीला स्वतःची किळस आली. पण भीती त्याहून मोठी निघाली. दुपारी आई ऑपरेशन थिएटरमध्ये असताना ती हॉस्पिटलात गेली आणि थेट मेट्रनबाईंच्या खोलीत शिरली. मेट्रनबाई आईच्या जुन्या मैत्रीण. नर्सच्या बदल्यांवर सही त्यांचीच.

मेट्रनबाई बूट काढून, सुजलेले पाय समोरच्या खुर्चीवर टाकून चहा पीत होत्या. "ये गं बबडे! आईची ड्यूटी संपेपर्यंत याच टेबलाखाली झोपायचीस. आता बघ, नुसती ताडमाड वाढलीय."

"मावशी, एक काम होतं. आईला सांगू नका." बबडीचे कान तापले. या बाईंसमोर तरी खरं बोलावं असं तिला वाटलं, पण जीभ रेटेना. "तिची बढती रद्द करा. दुसऱ्या कुणाला द्या. माझं कॉलेज आहे इथे."

मेट्रनबाईंनी पाय खाली घेतले. "कसली बढती?"

"तिकडे तिला मोठं पद..."

"मोठं पद तर तिला इथे आहे! अख्खं थिएटर तिच्या शब्दावर चालतं. मोठमोठे सर्जन हात धुऊन तिच्यापुढे मुकाट उभे राहतात. आणि तिकडे चाललीय वॉर्डात साधी नर्स म्हणून. पुन्हा बेडपॅन उचलायला. रात्रपाळ्या करायला. पन्नाशीत!"

"पण मग तिला पाठवताय कशाला?"

"मी पाठवतेय? अगं, तिनेच मागितली बदली. माझ्या हातापाया पडून मागितली."

सकाळी आपण काय बोललो ते बबडीला आठवलं. शब्दन् शब्द आठवला.

"पण का?"

"तेच मी विचारलं. म्हटलं, इतक्या वर्षांची कमाई मातीत घालतेस, डोकं फिरलंय का तुझं?" मेट्रनबाईंचा राग अजून उतरला नव्हता. "तर म्हणते कशी, 'लेक तिकडे पुन्हा पहिल्या वर्षाला बसणार आहे. मीही खालून सुरुवात करते. तिला एकटीला लाज वाटायला नको.'"