फक्त साडीचा रंग

"फक्त साडीचा रंग बदला. बाकी कशाला हात लावू नका," संतोष म्हणाला.

शिवकन्यानं फोटो स्क्रीनवर मोठा केला. तिशीतली बाई, अंगावर मोरपंखी साडी, मागं कडुनिंब. संतोषची ही बहीण कोमल माहेरी आली होती आणि काल तिथूनच बेपत्ता झाली होती. तिच्या शोधाचं पत्रक छापायला तो शिवकन्याच्या कळमनुरीतल्या स्टुडिओत आला होता.

"कोणता रंग करू?"

"गुलाबी. जाताना गुलाबीच होती अंगावर."

शिवकन्यानं आधी साडीभोवती कड आखून घेतली, नाहीतर कडुनिंबही रंगला असता. मग तेवढाच रंग निवडून पट्टी सरकवली. साडी निळी झाली, जांभळी झाली, शेवटी गुलाबी. सहज तिनं फोटोची तारीख पाहिली.

"हा तर कालचाच फोटो हाय. लगेच साडी बदलली का तिनं?"

"बदलली असंल." तो दाराकडं बघत होता. "दाजींनी नवाच फोटो मागितला. माझ्याकडं हा एकच हाय."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. "व्हय दाजी, छापूनच राहिलो," म्हणत त्यानं घाईनं बंद केला. बहीण हरवली होती, पण डोळ्यांत टिपूस नव्हतं.

पत्रकं घेऊन तो गेला, तरी शिवकन्याचं मन लागेना. सख्ख्या भावानं बहिणीची खूण काहून बदलावी? ती सापडू नये म्हणूनच ना? शेतात वाटा मागितला असेल तिनं. का हा तिचं काही बरंवाईट करून बसला होता? आणि तिकडं नवरा बिचारा फोनवर फोन करत होता.

तिनं मूळ फोटो उघडला. साडी मोरपंखीच ठेवून दुसरं पत्रक केलं. खाली नवऱ्याचा नंबर होताच. ओळखीच्या सगळ्या ग्रुपवर तिनं ते पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी दुकानासमोर जीप थांबली. कडक इस्त्रीतला एक माणूस पेढ्यांचा पुडा घेऊन आत आला.

"मी शिवशंकर, कोमलचा नवरा. कुरुंद्याच्या बसस्टँडवर एकानं साडीवरून ओळखलं तिला. तुमचे उपकार न्हाई फिटायचे, ताई."

"आणि तिचा भाऊ?"

"त्याचं आमी बघून घेऊ," तो शांतपणे म्हणाला.

शिवकन्याला भरून आलं. आपला संशय बराबर निघाला. ती बाहेर जीपपाशी गेली. मागच्या सीटवर कोमल तोंडावर पदर घेऊन बसली होती.

"सुटलात बाई भावाच्या तावडीतून," शिवकन्या म्हणाली. "आता घाबरू नका."

कोमलनं पदर बाजूला केला. तिचा खालचा ओठ ताजाच फुटलेला होता.

"दादानं गुलाबी करायला सांगितलं होतं ना तुमाला?" ती हळूच म्हणाली.