गोठ्यावरचा अध्यक्ष

आमच्या तालमीच्या फुटबॉल संघाची बैठक होती. दोन्ही डिफेंडरांच्या नोंदणीची मुदत संपली होती आणि त्यांना नारळ द्यायचं जवळजवळ ठरलं होतं.

"सर्जेराव आणि त्याचा भाऊ गोल झाल्यावर मागं वळतानाबी दमत्यात," कोच म्हणाला.

तेवढ्यात खजिनदार धापा टाकत आला. "पलीकडच्या पेठेच्या संघाचा अध्यक्ष सकाळी सर्जेरावच्या गोठ्यावर दिसला."

आपली माणसं त्यांच्या जर्सीत कुणाला बघवणार? लगेच दोघांची फेरनोंदणी झाली, वर फेटेही बांधले.

मी सर्जेरावला कोपऱ्यात घेतलं. "त्या अध्यक्षानं तुला काय कबूल केलं होतं?"

"त्यो रोजच येतोय, धारोष्ण दूध प्यायला," फेटा सावरत तो म्हणाला. "आमास्नी तुम्ही ठेवलं, तर पेढे वाटतो म्हणालाय."