मुकादमाले मारलं कोणं

"खुनी कोन हाय, ते आत्ताच्या आत्ता सांगाले लाव तुह्या सुनेले," तांड्याचे मुखिया हिरासिंग नायक गरजले.

नायक बोलले ते बिजलीबाईशी. रंजिता तिच्या मागंच बसून होती, हात लांबवला तर लागन एवढ्या अंतरावर. पण सून नायकाशी बोलत नाही, नायक सुनेशी बोलत नाही, अशी तांड्याची रीत. मधात सासू लागते.

बिजलीबाईनं मान वळवली. "खुनी कोन, इचारते नायक."

"सांगत नाई म्हना, याडी," रंजिता पदराआडून बोलली. सासूले ती याडीच म्हणे, सख्ख्या मायसारखी.

"नाई सांगत म्हंते," बिजलीबाईनं निरोप पोचवला अन् गालातल्या गालात हसली.

नसाब भरला होता. नसाब म्हंजे तांड्याचा न्याय. नवरा-बायकोची भांडणं, वावराच्या धुऱ्याची कटकट, सारं इथंच मिटते. पण गोष्टीतल्या खुनासाठी नसाब बसला, असं उमरखेडच्या अल्याडपल्याड कोणी ऐकलंही नसन.

झालं असं का, रंजिताले रहस्यकथेचं भारी वेड. उमरखेडच्या एसटी स्टँडवर जुनी पुस्तकं मिळत, ती तिनं सारी वाचून संपवली. मंग स्वतःच लिहाले बसली. दर रविवारी एक भाग तांड्याच्या ग्रुपवर. ज्याले वाचता येत नाही, त्याले शेजारचा वाचून दाखवे. गोष्टीत ऊसतोडीच्या मुकादमाचा खून होते अन् प्रेत कापसाच्या गंजीत सापडते. मुकादम तिच्या मनातलाच, खरा कोणी नाही. पण ऊसतोडीले गेला अन् मुकादमाशी भांडला नाही, असा गडी तांड्यात शोधून सापडत नाही. म्हणून जो तो समजे, रंजितानं मलेच खुनी धरलं.

एका भागात प्रेताजवळ तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पन्नी सापडली. दुसऱ्या दिवशी साऱ्या तांड्यानं खर्रा सोडला. पानठेलेवाला बिचारा केळं विकाले लागला. पुढच्या भागात खुन्याच्या चपलेची टाच झिजलेली निंघाली, तर माणसं बाजाराच्या दिवसापर्यंत अनवाणी फिरली. मंग कळलं का खुनी डावखुरा हाय. रंजिताचा नवरा खेमसिंग जन्माचा डावखुरा. तो उजव्या हातानं जेवाले लागला अन् वरण कोपरापर्यंत गेलं. मंग रंजितानं लिहिलं का खुनी असा घोरते का लिंबावरचे कावळे उडून जातात. त्या दिवसापासून तांडा झोपलाच नाही. कुत्रेही डोळे उघडे ठेवून पडत.

आता फक्त शेवटचा भाग राह्यला होता. अन् साऱ्यात जास्त धाक होता नायकाले. त्याईच्या घोरण्यानं लिंबावर कावळा टिकत नसे, हे लेकराईलेही माहीत होतं.

चार जाणते आपसात कुजबुजले. नायकानं घसा साफ केला.

"नसाबाचा हुकूम आईक, बिजली. खुनी परगावचा पाहिजे. तांड्यातला चालनार नाई. कबूल नसन तर तुह्या सुनेचं लिहिनं आजपासून बंद. मोबाईल खेमसिंगच्या ताब्यात."

खेमसिंग खाली मान घालून मातीत काडीनं रेघोट्या मारत होता. त्यानं मान वर केली नाही.

बिजलीबाई वळली. हळूच म्हणाली, "हो म्हनून टाक ना वं. लिहिनं तरी टिकन तुहं."

रंजिता मांडीवरच्या मोबाईलकडे पाह्यत बसली. लिहिणं गेलं तर मागं काय राह्यते, ते तिले चांगलं ठाऊक होतं. वेचणी, भाकरी, धुणं. अन् साऱ्या दुनियेत जे फक्त आपल्यालेच माहीत हाय, असं काहीच नाही.

ती उठली. सासूले वलांडून पुढं आली. पदर डोक्यावरच होता, पण तोंड उघडं. सरळ नायकाच्या डोळ्यात पाह्यलं.

"बंद करा म्हंता ना, नायक काका? करते. तुमच्या पुढ्यात शेवट पुसून टाकते. मंग मुकादमाले कोनं मारलं, हे तुमाले मरेपर्यंत कळनार नाई."

तिनं अंगठा मोबाईलवर ठेवला.

सारा नसाब त्या अंगठ्याकडेच पाह्यत होता. सुनेनं तोंड उघडलं, याचा राग करायची कोणाले आठवणच राह्यली नाही.

"पुसू नको वं बाई!" मागून नंदाबाई किंचाळली. ती नायकाचीच बायको. "आठ दिसापासून भाकर करपून राह्यली माही त्या इचारात!"

मंग साऱ्या बायाईनं एकच कल्ला केला. माणसंही सरकत सरकत पुढं आली. अन् त्या गलबल्यात नायकाच्याच तोंडातून निंघून गेलं, "अंगठा काढ, अंगठा काढ पह्यले!"

रंजितानं अंगठा काढला.

"लिही," नायक पडत्या आवाजात म्हणाले. आता तेही सरळ तिच्याशीच बोलत होते. "पन खुनी परगावचा कर, माय. एवढं तरी आईक."

"नाई."

एवढंच बोलून ती चालाले लागली. कोणी अडवलं नाही. खेमसिंगनं काडी फेकली, डाव्या हातानं मिशा पुसल्या अन् तिच्या मागं निंघाला.

बिजलीबाईनं धापा टाकत दोघाईले घराजवळ गाठलं. इकडंतिकडं पाह्यलं अन् सुनेच्या कानाले लागली. "मले तर सांग वं. कोनाचं नाव लिहिलं तुनं?"

"परगावच्या ट्रकवाल्याचं, याडी. पह्यल्या भागापासून तोच होता."

बिजलीबाई जागच्या जागी थबकली. "आगं माय! त्याईले तोच पाहिजे होता ना! मंग हो म्हनाले तुले काय झालतं?"

रंजिता उंबऱ्यावर बसली अन् शेवटचा भाग उघडून पुसाले लागली.

"त्याईनं हुकूम केला तवाच ट्रकवाला सुटला, याडी. आता खुनी तांड्यातलाच."