हातमोजा

माझं निदान आजवर चुकलेलं नाही. धूर पाहून मी गाडीचंच काय, तिच्या मालकाचंही वय सांगतो. आज सकाळी लेकीने एकटीने खोलून बांधलेलं पहिलं इंजिन सुरू झालं आणि पांढरा धूर निघाला. "हेड गॅस्केट गेलं! आणखी वर्षभर माझ्या हाताखाली," मी गरजलो. "आणि गेलं नसेल तर गॅरेजची किल्ली माझी," म्हणत तिने रेडिएटरच्या तोंडावर रबरी हातमोजा बांधला. इंजिनाच्या झाकणाखालचं हे पातळ गॅस्केट फाटलं तर इंजिनातला वायू रेडिएटरच्या पाण्यात शिरून मोजा टम्म फुगतो, ही युक्ती माझीच. इंजिन तापलं. धूर म्हणजे थंडीतली वाफ होती, ती विरली. मोजा लुळाच राहिला. "बाबा, इंजिनाने काही हात वर केले नाहीत!" "मग मी करतो," म्हणालो. वर केलेल्या हातात किल्ली होती. त्या किल्लीला लेकीच्या नावाचा बिल्ला मी कालच लावला होता.