अर्जावरचा अंगठा

अर्जावर झुंबरबाईचा अंगठा आहे, एवढं रामराव जालन्याच्या कचेरीतल्या एका शिपायाकडून ऐकून आला आणि दिवेलागणीपर्यंत ते वाडीतल्या घराघरांत पोचलं.

त्या अर्जावरून गयासोद्दीनची बदली झाली होती. हिवताप खात्यातला हा डास धरणारा माणूस नऊ वर्षांपासून दर गुरुवारी पहाटे वाटूरहून सायकलवर वाडीत यायचा. एका हातात टॉर्च, तोंडात रबरी नळी, नळीच्या टोकाला पोकळ काच. भिंतीवर बसलेला डास तो श्वासानं अलगद काचेत ओढून घ्यायचा. तासाभरात किती सापडले ते वहीत लिहायचा.

पंच्याऐंशी साली तो पहिल्यांदा आला, तेव्हा झुंबरबाईच्या एकट्या गोठ्यात चौसष्ट डास निघाले होते. त्याच पावसाळ्यात थंडीतापानं वाडीतली चार माणसं गेली. त्यात रामरावचा धाकटा भाऊ होता. रामराव तेव्हा नुकताच सरपंच झाला होता.

फवारणी होऊनही ताप का हटत नाही, ते गयासोद्दीननंच शोधलं. डासाची मादी जनावराचं रक्त पिऊन जड होते आणि जवळच्याच भिंतीवर, खालच्या अंधाऱ्या अंगाला बसते. औषध त्याच भिंतीवर असतं. पण बाया पंधरा दिवसांत भिंती सारवून घ्यायच्या आणि औषध शेणामातीखाली गाडलं जायचं. मग तो दारोदार सांगत फिरला, की फवारल्यावर तीन महिने भिंतीला हात लावू नका.

सगळ्यांत जास्त भांडली ती झुंबरबाई. साठीची विधवा, दोन म्हशींच्या जिवावर जगणारी.

"दिवाळीला भिंत सारवायची न्हाई? मंग लक्ष्मी यायची कुठून?"

"मावशी, लक्ष्मी दारातून येती. भिंतीतून न्हाई."

"तुझ्या टॉर्चीनं माझी म्हैस बुजती. दूध चोरून घेती. एक दिवस तुला इथून हलवते का न्हाई बघ."

हे तिनं चारचौघांत म्हटलं होतं, आणि एकदा नाही.

पुढं ती सारवायची थांबली. गयासोद्दीननं एसटीत मांडीवर डबा धरून गप्पी मासे आणले, पडक्या विहिरीत आणि ओढ्याच्या डबक्यांत सोडले. डासांच्या अळ्या संपल्या. वहीतला आकडा चौसष्टावरून चाळिसावर, मग नवावर, शेवटी शून्यावर आला. थंडीताप हा शब्दच पोरं विसरली. आणि आता त्याला जाफराबादकडं पाठवत होते.

रामराव चार माणसं घेऊन झुंबरबाईच्या दारात गेला.

"काकू, अर्जावर अंगठा तुमचाच हाय का?"

"हाय."

"कशापायी दिला?"

"माझा अंगठा हाय. मी देईन."

"नऊ वर्षं त्यानं तुमचाबी गोठा राखला. जरा तरी..."

"म्हशीला पाणी दाखवायचंय," असं म्हणून ती आत गेली.

दुसऱ्या दिवसापासून तिच्याकडं दुधाला कुणी आलं नाही. पाणवठ्यावर ती आली की बाया घागरी उचलायच्या. शेजारच्या पुष्पाबाईच्या नातवाच्या बारशाचं आवतन सगळ्या वाडीला गेलं, तिच्याकडं तेवढं आलं नाही. तिनं उरलेल्या दुधाचं दही लावलं, ताक केलं आणि रेडकांना पाजलं.

गुरुवारी गयासोद्दीन आला आणि नेहमीसारखा सरळ तिच्याच गोठ्यात शिरला. तासभर दोघं आतच होते. रामराव बाहेर थांबला होता.

"गयासभाई, जिनं तुम्हाला हलवलं तिच्याच दारी जाऊन राह्यले?"

"काम हाय, दादा." त्यानं नळी पुसून पिशवीत ठेवली. "त्यांना कुणी काही बोलू नका. माझी एवढी गोष्ट ऐका."

रामरावला भरून आलं. माणसानं एवढं मोठं मन कुठून आणावं, त्याला कळेना.

"आम्ही जालन्याला जाऊन राह्यलो. बदली रद्द करूनच येतो."

"नका जाऊ." गयासोद्दीन घाईनं म्हणाला. "खाली-पिली खर्चा. साहेबाचा हुकूम हाय."

पण सोमवारी रामराव आणि वाडीतला कडूबा एकशे बारा सह्या घेऊन जालन्याला गेलेच.

हिवताप अधिकाऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा काढला.

"तक्रार? गयासोद्दीनविरुद्ध आमच्याकडं एकही तक्रार नाही."

"साहेब, आमच्या गावातल्या बाईचा अंगठा हाय त्याच्यावर."

"तो अर्ज आहे. तक्रार नाही." त्यांनी फाईल उघडून एक कागद पुढं सरकवला. "वाचता येतं ना?"

रामरावनं कागद उजेडाकडं धरला आणि कडूबाला ऐकू जाईल असं वाचू लागला.

"'मेहेरबान साहेब, या वाडीत चौदा महिन्यांत तापाचा एकही रोगी नाही. गोठ्यात तासभर शोधूनही डास मिळत नाही. जाफराबादकडच्या गावात लेकरं तापानं फणफणली आहेत आणि तिकडं जायला कुणी राजी नाही, असं ऐकतो. तरी माझी बदली तिकडं करावी. गावाला कळू देऊ नये, ते मला सोडणार नाहीत. इथली काळजी नसावी. श्रीमती झुंबरबाई नळी धरायला शिकल्या आहेत. माझ्यामागं दर गुरुवारी सगळे गोठे त्या तपासतील, बिनपगारी. तसा त्यांनी शब्द दिला असून खाली अंगठा केला आहे. आपला नम्र, गयासोद्दीन.'"