रिकामा समुद्र

प्रिंटरमधून आधी आकाश आलं, मग डोंगराचा माथा, मग डोंगरापुढे पाण्यातून वर आलेला एकटा सुळका, आणि त्यानंतर नुसता समुद्रच समुद्र येत राहिला. भिंगरी काही स्टुलावर टिकेना. उठायची, वाकून बघायची, बसायची, पुन्हा उठायची.

"अगं, बाळंतपण नाहीये ते. येईल आपसूक बाहेर," मावशी पासपोर्टचे फोटो कापता कापता म्हणाली.

मावशीला काय जातंय बोलायला! स्टुडिओतलं भिंगरीचं हे पहिलंवहिलं मोठं काम होतं, थेट हॉटेलच्या दर्शनी भिंतीवर लागणारं. त्यासाठी काल अख्खी दुपार ती अलीकडच्या टेकडीच्या टोकावर स्टँड रोवून, उजेडाची वाट बघत बसली होती. कॅमेऱ्याच्या पोटात धूळ शिरली होती, त्यामुळे प्रत्येक फोटोत काळे ठिपके उमटले होते. आज सकाळी एकेक ठिपका शोधून तिने माऊसने साफ पुसला होता. मावशीची शिकवणच होती तशी. गिऱ्हाइकाला समुद्र रिकामा लागतो. एक होडी दिसली तरी त्याला मासळीचा वास येतो.

प्रिंट टेबलावर पसरतात न पसरतात तोच दार ढकलून बेकरीवाल्या काकू आत आल्या. कोपरापर्यंत पीठ तसंच.

"काल तू वर होतीस ना गं? आमचा धाकटा दुपारी होडी घेऊन गेलाय, तो अजून परतला नाही. फोन लागत नाही. दिसला का तुला कुठे?"

"सुळक्याच्या बाजूला? छे!" भिंगरी छातीठोकपणे म्हणाली. "मी हललेच नाही तिथून. होडी काय, काडीसुद्धा नव्हती पाण्यात. हे बघा ना!" आणि तिने प्रिंट त्यांच्याकडे फिरवला.

काकूंनी तो या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला. खरंच काही नव्हतं.

"मग खाडीकडेच गेला असणार मेला. धक्क्यावर बोटी थांबल्यात, त्यांना तिकडेच धाडते." बोलत बोलतच त्या बाहेर पडल्या.

"झालाय मात्र झकास हं," मावशी प्रिंटवर वाकून म्हणाली.

भिंगरी हसली, पण हसू काही चेहऱ्यावर थांबलं नाही. ती पाणी प्यायली. नख खाल्लं. प्रिंटची सरळ असलेली कड पुन्हा सरळ केली. मग कॉम्प्युटरसमोर बसून कालचे मूळ फोटो उघडले.

"आता काय राहिलं?"

"काही नाही गं. उगाच."

पहिल्या फोटोत तीन ठिपके होते. दोन आकाशात, एक पाण्यावर. दुसऱ्यातही तीन. तिसऱ्यातही. स्टँड तोच, कॅमेरा जागचा हललेला नाही, आकाशातले दोन ठिपके खिळे ठोकावेत तसे आपापल्या जागी. पाण्यावरचा तिसरा मात्र दर फोटोत थोडा थोडा सुळक्याकडे सरकत होता.

तिने पहिला फोटो पुन्हा लावून पाहिला.

"मावशी, धूळ चालते का गं?"

मावशीने कात्री खाली ठेवली आणि तिच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. भिंगरीने फोटो भराभर पुढे नेले. शेवटच्या फोटोत ठिपका सुळक्याआड अर्धा गेला होता.

"आणि तू तो..."

"पुसला. धूळ म्हणून."

"मग माझ्या तोंडाकडे काय बघतेस? पळ!"

कार्ड कॅमेऱ्यात कोंबून ती सुटली. उताराच्या रस्त्याने, इस्त्रीच्या दुकानासमोरून, एका सायकलवाल्याच्या शिव्या खात. काय सांगायचं ते मनात जुळवत होती. वाक्य दर वेळी 'चुकून'पासून सुरू व्हायचं आणि दर वेळी ती ते सोडून द्यायची.

धक्क्यावर अख्खी गल्ली जमली होती. दोन बोटी खाडीच्या दिशेने निघून गेल्या होत्या. तिसरीचा दोर सुटत होता.

"थांबा! तिकडे नाही! सुळक्यामागे!"

बोटवाल्याने मान वळवली. "मघाशी तर काडीसुद्धा नव्हती म्हणे?"

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"होती," भिंगरी म्हणाली. "मी पुसली."

"पुसली म्हणजे?" मागून कुणीतरी विचारलं.

तिने कॅमेरा बोटवाल्यापुढे धरून फोटो एकामागून एक दाखवले.  गेलेल्या बोटींना त्याने फोन लावला, इंजिन गुरगुरलं आणि बोट सुळक्याकडे वळली.

काकू धक्क्याच्या कडेला उभ्या होत्या. 

"दाखव मला."

भिंगरीने कॅमेरा त्यांच्यापुढे धरला. उन्हात दिसेना, म्हणून स्क्रीनवर हाताची सावली केली.

"हा?"

"नाही काकू. ती धूळ आहे. खरीच धूळ आहे."

"मग हा?"

"हा."

काकू बघत राहिल्या. बोट काचेपाशी नेलं आणि मध्येच थांबवलं.

"लावा ना हात. काही होत नाही."

"नको," काकू म्हणाल्या. "पुसला जायचा."